काटा पडला की पाय काढ

अमेरिकेतल्या रोड अमेरिका या मोटार-शर्यतींच्या ट्रॅकवर नवव्या आणि दहाव्या क्रमांकाची वळणं मिळून एकच लांबलचक वळण होतं. त्याला कॅरोसेल म्हणतात, म्हणजे जत्रेतलं घोड्यांचं गोल चक्र. आत शिरलं की पुढचा सरळ रस्ता दिसतच नाही. उजवीकडे, आणखी उजवीकडे, अजूनही उजवीकडेच. आठ-नऊ सेकंद गाडी एका कुशीवर कललेली असते, डाव्या बाजूचे टायर ओरडत असतात आणि मान आपोआप डाव्या खांद्याकडे ओढली जाते. गेल्या वर्षी जूनमधल्या एका ट्रॅक डेला, म्हणजे आपापली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, दुपारच्या सत्रात, याच वळणाच्या मध्यावर ऑइल प्रेशरचा काटा दर चौरस इंचाला ५५ पौंडांवरून निघाला आणि १५ वर येऊन पडला. मी लावलेला मोठा लाल दिवा पेटला. मी पाय काढला.

गाडी सरळ झाली तसा काटा पुन्हा वर चढला, जणू काही झालंच नव्हतं. उरलेला लॅप मी तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पुरा केला आणि पिटमध्ये येऊन इंजिन बंद केलं. हेल्मेट काढायच्या आधीच डोक्यात हिशेब सुरू झाला होता. ६,००० आरपीएम म्हणजे क्रँकचे, इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे, सेकंदाला १०० फेरे. मी ५,००० च्या आसपास होतो, म्हणजे ८३. काटा दीड सेकंद तरी खाली होता. सव्वाशे फेरे. आठ कनेक्टिंग रॉड, प्रत्येकाच्या पायाशी एक बेरिंग, आणि प्रत्येक बेरिंगवर हे सव्वाशे फेरे.

त्या दिवशी गाडी पुन्हा सुरू केली नाही. ट्रेलरवर चढवताना विंचने ओढून घेतली.

गाडी १९७१ ची कॅमेरो आहे. तिच्या बॉनेटखाली ३५० घनइंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं शेवरोलेचं छोटं व्ही-८ इंजिन आहे. छोटं म्हणायचं ते तिकडच्या मापाने. या इंजिनाचं घराणं १९५५ साली सुरू झालं, आणि विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेक गावाशेजारचा हा ट्रॅकही १९५५ चाच. त्याआधी १९५० ते ५२ अशी तीन वर्षं शर्यती गावाच्या आणि तळ्याच्या भोवतालच्या साध्या रस्त्यांवरच व्हायच्या. मग टेकड्यांमधून चार मैलांहून थोडा लांब, १४ वळणांचा ट्रॅक बांधला गेला आणि त्याची आखणी आजवर जवळजवळ तशीच राहिली आहे. शिकागोजवळच्या आमच्या घरापासून पहाटे निघालं की मी सूर्य वर यायच्या आत गेटवर असतो. एका वयाचं इंजिन आणि एका वयाचा ट्रॅक एकत्र आणायला मला फार आवडतं.

पण हे इंजिन या वळणासाठी जन्मलेलं नाही, हेही खरं. अमेरिकन मसल कार ही मुळात सरळ रेषेची गाडी. सिग्नल सुटला की पुढच्या सिग्नलपर्यंत, किंवा ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल. कॅमेरो वळणांवरही धावली, आणि कशी धावली! १९६८ आणि ६९ या दोन्ही वर्षी मार्क डोनोह्यूने पेन्स्कीच्या संघाच्या कॅमेरोतून ट्रान्स-अॅम ही शर्यतींची मालिका शेवरोलेला जिंकून दिली. पण त्या गाड्या शर्यतीसाठी बांधलेल्या होत्या. शोरूममधून निघालेल्या साध्या गाडीच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, चार क्वार्ट तेल मावतं, फिल्टरचं धरून पाच. पावणेपाच लिटर म्हणा. त्या काळच्या टायरवर, त्या काळच्या रस्त्यावर ते पुरत होतं. मी तिच्या पायात आजचे चिकट टायर घातले, आणि त्या टायरांनी तिला असं वळवायला सुरुवात केली की तिच्या पोटातलं तेल कुठे जाईल याचा विचार १९७१ साली कुणी करायचं कारणच नव्हतं.

तेल कुठे जातं हे समजायला वाटीभर आमटी घेऊन वळणाच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीत बसावं. गाडी उजवीकडे वळली की आमटी डाव्या काठावर चढते. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, म्हणजे एक जी, की आमटीचा पृष्ठभाग ४५ अंशांत उभा राहतो. आजचे टायर माझ्या जुन्या गाडीलाही त्याच्या जवळपास नेतात. चेंबरमध्ये नेमकं हेच होतं. तेल डावी भिंत धरून उभं राहतं आणि दोन्ही भिंतींच्या मधोमध तळाशी बसलेल्या पिकअपच्या, म्हणजे पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीच्या, तोंडाशी उरते ती हवा. पंप बिचारा जे तोंडाशी येईल ते ओढतो.

माझ्या टेबलावर एक बेरिंग ठेवलेलं आहे. अर्धगोल, तळहातात मावेल एवढी पत्र्याची चकती. तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ट्रॅकवर, याच गाडीच्या आधीच्या बांधणीतल्या इंजिनातून ते निघालं. तेव्हा मी काट्याकडे बघत नव्हतो. वळणाकडे, समोरच्या गाडीकडे, घड्याळाकडे बघत होतो. आधी बारीक टकटक आली, मग खोल ठकठक, मग मी थांबलो. उशीर झाला होता. चांगलं बेरिंग राखाडी आणि मऊ दिसतं. वरचा थर शिसं-कथिलाचा, केसाहून कितीतरी पातळ. त्याखाली तांबं-शिसं, त्याखाली पोलाद. माझ्या टेबलावरच्या चकतीवर वरचा थर पुसून गेलाय आणि मधोमध तांब्याचा लालसर पट्टा उघडा पडलाय. कडेला तिने क्रँकला घट्ट धरून फिरायचा प्रयत्न केला तिथे निळसर जळका डाग आहे. मशीन शॉपने क्रँक दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून दिला, नवी बेरिंगं बसली, इंजिन पुन्हा उभं राहिलं. ती चकती मात्र मी टाकू शकलो नाही.

अण्णांनी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. अंगठा त्या तांब्याच्या पट्ट्यावरून फिरवला. मग म्हणाले, "काटा बघितला नव्हतास."

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीच्या सातारा आगारात त्यांनी तीसहून जास्त वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. त्यांचा जन्म १९४८ चा, आणि एसटीची पहिली गाडीही त्याच वर्षी १ जूनला धावली. "मी आणि एसटी एका वर्गातले," असं ते आजही अभिमानाने सांगतात. आगारात त्यांना सगळे मेस्त्री म्हणायचे. घरी येताना त्यांच्या नखांच्या कडांना काळी रेघ असायची. आई गरम पाणी आणि निरमा देई, तरी ती रेघ जायची नाही. मी त्यांच्या मांडीवर बसून ती रेघ बघत मोठा झालो.

त्यांची एक गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली की तिच्यातला उन्हाचा ताव मला अंगावर जाणवतो. लग्नसराईतली गच्च भरलेली गाडी खंबाटकी घाट चढत होती. मे महिना, भर दुपार. निम्म्या घाटात तेलाचा काटा पडला. ड्रायव्हरला वाटलं, एवढा माथा गाठू, मग बघू. दोन वळणांत इंजिन सीझ झालं. अण्णा ब्रेकडाऊनच्या गाडीतून गेले, गाडी आगारात ओढून आणली आणि इंजिन खोललं. त्यांनी त्या ड्रायव्हरला बोलावून घेतलं आणि त्याच्या हातावर एक बेरिंग ठेवलं. रागावले नाहीत. ड्रायव्हर त्यांच्यापेक्षा वयाने मोठा होता. "दादा, काटा पडला की पाय काढायचा," एवढंच म्हणाले. हेच वाक्य पुढे त्यांनी मला गाडी शिकवताना सांगितलं, क्लच आणि ब्रेक सांगायच्याही आधी.

गेल्या जूनमध्ये मी ट्रेलरवर गाडी घेऊन परतलो तेव्हा अण्णा आमच्याकडेच राहायला आलेले होते. गॅरेजचं दार वर गेलं आणि ते आतून चालत आले. त्यांनी गाडी चालती उतरत नाही हे बघितलं. "पडला?" "पडला अण्णा. पण पाय काढला." त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन चहा ठेवायला सांगितला.

पुढचे अडीच महिने आम्ही दोघांनी मिळून त्या इंजिनाच्या तेलाच्या वाटेवर काम केलं. आयुष्यात इतका सलग वेळ मी त्यांच्यासोबत कधी घालवला नव्हता.

इथे थोडं थांबून तेल नेमकं काय करतं ते सांगायला हवं, कारण मला स्वतःला ते फार उशिरा कळलं. वंगण म्हणजे बुळबुळीतपणा, घासणारे दोन भाग सहज सरकावेत म्हणून, असं मी समजायचो. आजोबा बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे तेव्हा ते खरंच होतं. त्यात एरंडेल असायचं. (मोटारींच्या शर्यतींतही पूर्वी एरंडेलच वापरत, कॅस्ट्रॉल हे नाव त्याच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून आलं. आजोबांना हे सांगता आलं असतं तर त्यांना फार आनंद झाला असता.) पण वेगाने फिरणाऱ्या बेरिंगमध्ये काहीतरी वेगळंच घडतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांवरच्या बेरिंगांचे प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरू लागल्यावर त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. मग त्याने तिथे प्रेशर गेज लावला, आणि काटा २०० पौंडांच्या पुढे गेला. बेरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंडांचा होता. म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेऊन एका पाचरीसारखं बेरिंगखाली दाबत होता आणि बेरिंग त्या तेलावर तरंगत होतं. धातूला धातू लागतच नव्हता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं, आणि आजही बेरिंगची आखणी त्याच गणिताच्या पायावर होते.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या इंजिनात क्रँक आणि बेरिंग यांच्यात दोन-अडीच थाऊची, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी फट असते, आणि भार येतो त्या बाजूला तेलाचा पापुद्रा काही मायक्रॉनांवर येतो. स्फोटांचा सगळा मार तो पापुद्रा झेलतो. पंपाचं काम भार उचलण्याचं नाही. त्या फटीत तेल कमी पडू न देण्याचं आहे. भार तेल स्वतः उचलतं. आणि तेलाच्या जागी हवेचे बुडबुडे गेले, की तरंगणं संपतं.

इथेच माझी मागची चूक होती. इंजिन पहिल्यांदा पुन्हा बांधलं तेव्हा ट्रॅकवरच्या बऱ्याच जणांनी एकच उपाय सांगितला होता: हाय व्हॉल्यूम पंप घाल. मी घातला. साध्या पंपापेक्षा त्याचे गिअर उंच असतात आणि तो सुमारे २५ टक्के जास्त तेल ओढतो. रस्त्यावर काटा सुंदर वर दिसायचा. पण पिकअपच्या तोंडाशी हवा असेल तर मोठा पंप फक्त जास्त हवा ओढतो. शिवाय तो तेल वर हेडमध्ये वेगाने पाठवतो आणि ते खाली यायला वेळ घेतं, त्यामुळे आधीच कमी असलेल्या चेंबरमध्ये आणखी कमी तेल उरतं. निदान माझ्या इंजिनात तसंच होत होतं असं माझं मत झालं. त्याच्या भाराने डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या आणि पंपही फिरवणाऱ्या भागाचा, गिअरही जास्त झिजतो. अण्णांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आणि तो विषय तिथेच मिटला.

म्हणून आड बदलायचा ठरला. इंजिन बाहेर काढून स्टँडवर उलटं टांगलं. बेरिंगं उघडून बघितली. सगळी राखाडी, फक्त एकावर हलकी चमक. पाय वेळेवर निघाला होता. नवा चेंबर ट्रॅकसाठी बनवलेला, सात क्वार्टचा. आतमध्ये पिकअपभोवती एक चौकोनी खोली, आणि तिच्या भिंतींना बिजागरीच्या छोट्या झडपा. या झडपा आतल्या बाजूलाच उघडतात. ब्रेक लागला, वळण आलं, तेल बाहेरून धावत आलं की झडप उघडून ते आत शिरतं; परत जाऊ लागलं की झडप आपल्याच धक्क्याने मिटते. चेंबरचा खोलगट भाग (संप) मागे असलेल्या या इंजिनाला जोरदार ब्रेकचीही भीती असते, कारण तेल पुढे पळतं आणि पिकअप मागे असतो. रोड अमेरिकाच्या कॅनडा कॉर्नर या वळणाला वेगातून ब्रेक मारताना काटा थोडा थरथरायचा ते यामुळेच. अण्णांनी चेंबर हातात घेऊन डावी-उजवीकडे कलवला. झडपा टकटक वाजल्या. त्यांनी पुन्हा कलवला. मग माझ्या मुलीला हाक मारून तिलाही दाखवला.

पंप परत साधा घेतला, मिशिगनमधल्या जॅक्सनच्या मेलिंगचा. तो मागच्या मेन बेरिंगच्या कॅपवर एकाच बोल्टवर बसतो. पिकअपची नळी पंपात फक्त ठोकून बसवलेली असते, आणि ट्रॅकच्या थरथरीने ती सैल होऊन पडल्याच्या गोष्टी या इंजिनाच्या दुनियेत सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. म्हणून ती वेल्ड करायची. पण वेल्डच्या आधी रिलीफ व्हॉल्व्हची, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या झडपेची, स्प्रिंग बाहेर काढायची, नाहीतर उष्णतेने तिचा ताण जातो आणि मग झडप किती प्रेशरला उघडेल याचा भरवसा राहत नाही. मी टॉर्च हातात घेतला तेव्हा अण्णांनी फक्त टेबलाकडे बोट दाखवलं. स्प्रिंग तिथे होती का ते त्यांना बघायचं होतं. होती.

पंपाला डिस्ट्रिब्युटरशी जोडणाऱ्या बारीक दांड्याला कंपनीची प्लॅस्टिकची बाही असते. गरम तेलात वर्षानुवर्षं राहून ती कडक होते. तिच्याजागी पोलादी बाहीचा दांडा टाकला. किमतीला फार थोडा. तुटला तर पूर्ण इंजिन.

मग आली ती पायरी जिची मी सगळ्यात जास्त वाट बघत होतो. पिकअपचं तोंड चेंबरच्या तळापासून किती वर असावं याला माप आहे: पाव ते तीन अष्टमांश इंच. त्याहून जवळ गेलं तर तळ तोंडाला चिकटल्यासारखा होतो आणि तेल शिरत नाही. त्याहून दूर राहिलं तर वळणात हवा लागते. पण चेंबर बसला की आत दिसत नाही. म्हणून इंजिन बांधणारे तोंडावर मातीचा गोळा ठेवतात, पॅकिंगसकट चेंबर हलक्या हाताने आवळतात, पुन्हा काढतात आणि दबलेली माती कापून मोजतात. गॅरेजमध्ये मॉडेलिंग क्ले नव्हती. मुलीच्या खोलीत मात्र आदल्या वर्षीच्या गणपतीच्या कार्यशाळेतून उरलेली शाडू होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली, दगडासारखी वाळलेली. अण्णांनी ती फोडली, वाटीत पाणी घातलं आणि मळायला बसले. गॅरेजमधल्या उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून, कॅमेरोच्या उघड्या पोटाशेजारी, सुनेने दिलेल्या जुन्या पंच्यावर. तो मातीचा ओला वास पसरला तेव्हा मला काही क्षण कुठे आहे ते कळेना. सातारच्या आमच्या घरी ओसरीवर अण्णा दरवर्षी गणपतीच्या आधी अशीच माती मळायचे आणि मी सोंडेसाठी गोळी वळायचो.

चेंबर काढला तेव्हा मातीवर पिकअपच्या जाळीचे चौकोन उमटलेले होते. अण्णांनी किंचित थरथरणाऱ्या हातांनी सुरीने गोळा मधोमध कापला. मी कॅलिपर लावला. पाव इंचाहून एक केस जास्त. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. तेवढंच. मग तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः मोजलं, चष्मा कपाळावर सरकवून, कॅलिपर डोळ्यांशी धरून. "बरोबर आहे," ते म्हणाले. आगारात हे दोन शब्द ऐकायला पोरं कशी वाट बघायची, ते त्यांच्या निरोपसमारंभाच्या भाषणात एकाने सांगितलं होतं. मला त्या दिवशी कळलं.

पुढचं थोडक्यात. हवेने थंड होणारा ऑइल कूलर लावला, कारण सत्राच्या शेवटी तेल २७० अंश फॅरनहाइटपर्यंत जात होतं आणि तितकं पातळ झालेलं तेल कुठलाही चेंबर सावरू शकत नाही. जाळीच्या जाड नळ्या टाकल्या. आणि अॅक्युसंप: एक लांबट सिलिंडर, मध्ये पिस्टन, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला तेल. इंजिन चालू असताना पंप त्यात तेल भरून ठेवतो, आणि प्रेशर पडलं की हवा ते तेल मागे ढकलते. बायका डाळीच्या डब्यात अडीनडीचे पैसे ठेवतात ना, तसं. सुरू करण्याआधीही तो उघडून बेरिंगांना तेल पाजता येतं. तेल १५डब्ल्यू-५०, जस्ताचं प्रमाण भरपूर असलेलं, कारण या जुन्या कॅमशाफ्टच्या सपाट टॅपेटांना आजच्या साध्या तेलातलं जस्त पुरत नाही.

या सगळ्यावर झालेला खर्च मी बायकोला प्रामाणिकपणे सांगितला. तेवढ्या पैशांत नवे हेड आले असते, आणि हेडने साठ-सत्तर घोडे वाढले असते. या कामाने एकही वाढला नाही. ट्रॅकवरचा एक ओळखीचा मुलगा बॉनेट उघडलेलं बघून विचारत होता, काय नवीन केलं? मी चेंबर सांगितला तर तो हसून निघून गेला. त्याला दोष नाही. त्याच्या वयात मीही तेच केलं असतं. पण मला आता असं मनापासून वाटतं की गाडीवर खरा जीव असणारा माणूस पहिले पैसे न दिसणाऱ्या ठिकाणी घालतो. ताकद वाढवणं म्हणजे तिच्याकडून काहीतरी मागणं. तेलाची वाट नीट करणं म्हणजे तिला काहीतरी देणं. अण्णा आगारात हेच करत आले. चढावर गाडी जोरात पळावी म्हणून कुणी त्यांना शाबासकी दिली नाही. गाडी माथ्यावर पोचली, एवढंच झालं, आणि आतल्या पन्नास माणसांतल्या कुणालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंजिनाला पहिलं तेल पाजलं. सुरू करायचं नाही. आधी डिस्ट्रिब्युटर काढायचा, त्याच्या भोकातून गिअर घासून टाकलेला एक जुना डिस्ट्रिब्युटर आत सोडायचा, आणि त्याला ड्रिल लावून पंप फिरवायचा. ड्रिल पहिल्यांदा मोकळं फिरतं, भणभणतं. मग अचानक जड होतं, हाताला झटका बसतो. तेल पंपात आलं. काटा हलला, ४०, ५०, ५५. मी ड्रिल धरून उभा होतो आणि अण्णा पाना लावून क्रँक हळूहळू फिरवत होते, पाव फेरा, थांबणं, पुन्हा पाव फेरा. व्हॉल्व्ह कव्हर उघडे होते. सोळा रॉकर आर्म. आधी मागच्या दोघांवर तेलाचा थेंब फुगला, मग पुढे, मग सगळीकडे, पावसाळ्यात डोंगराच्या कड्यातून झरे फुटावेत तसे. एक रॉकर कोरडा राहिला. पंधरावा. अण्णांनी दोन फेरे आणखी दिले. मी ड्रिलवरून हात काढला नाही. शेवटी त्याच्यावरही थेंब आला. अण्णांनी तो बोटाने टिपला, अंगठ्यावर घासला, नाकाशी नेला. आयुष्यभर ते असंच करत आले आहेत.

अण्णा महिनाअखेरीला भारतात परतले, त्यामुळे ऑक्टोबरमधल्या शेवटच्या ट्रॅक डेला ते नव्हते. एल्कहार्ट लेकची झाडं लाल-पिवळी झाली होती. पहिल्या सत्रात मी फक्त काटा बघितला, वेगाची फिकीर केली नाही. दुसऱ्या सत्रात वेग वाढवला. तिसऱ्यात कॅरोसेलमध्ये जूनमध्ये होतो त्याच वेगाने शिरलो. एक, दोन, तीन, चार. मान डाव्या खांद्याकडे. पाच, सहा. काटा ५२ वर. सात, आठ. ५०. वळण सुटलं, गाडी सरळ झाली, ५४. कॅनडा कॉर्नरला ब्रेक मारला तेव्हा तो एवढासाही थरथरला नाही. मी त्या सत्रात सहा लॅप केले आणि एकदाही पाय काढावा लागला नाही. पिटमध्ये आल्यावर बराच वेळ हात स्टीअरिंगवरून उचलवेना.

घरी आल्यावर फिल्टर काढला, कटरने डबा कापला आणि आतला कागद घडी-घडी उलगडून जुन्या वर्तमानपत्रावर उन्हात पसरला. बेरिंग झिजलं तर ते इथे दिसतं: कागदाच्या घड्यांमध्ये बारीक चकाकी, तांब्याची किंवा शिशाची. मी भिंग घेऊन अर्धा तास बघितलं. कुठेच चमक नव्हती. फोटो काढून अण्णांना पाठवला. सातारला रात्र होती, झोपले असतील असं धरून मी हात धुवायला आत गेलो. परत येऊन बघतो तर उत्तर आलेलं.

"डाव्या कोपऱ्यात, तिसऱ्या घडीत काहीतरी आहे. बघ."

मी बाहेर गेलो. तिसऱ्या घडीत, कागदाच्या कडेला, तिळाएवढा काळा कण होता. चिमट्याने उचलला, नखावर ठेवला, दाबला. मऊ होता. लोहचुंबक लावला, चिकटला नाही. चेंबरच्या पॅकिंगला लावलेल्या सिलिकॉनचा तुकडा.

मी त्याचा जवळून फोटो काढला आणि पाठवला. खाली दोन निळ्या टिका आल्या. मग बराच वेळ "टायपिंग" दिसत राहिलं. अण्णा एका बोटाने लिहितात.

"बरोबर आहे."